टिकल्यांचा नकाशा

मित्रांनो, मी भारताचा एक जुना नकाशा आहे. सध्या माझं बस्तान एका बंगल्याच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर आहे. मला सोनेरी फ्रेम आहे, पुढे काच आहे, आणि डोक्यावर एक छोटा दिवाही आहे. पाहुणे आले की तो लावतात. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याची चंगळ आहे. असेल बापडी. पण मला इथे टांगल्यापासून जे वाटतं ते एकदा बोलून टाकायचं आहे. मोठ्या माणसांना सांगून उपयोग नाही, हे मी पाहिलं आहे. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. आधी कागदावर छापलं, मग मागून कापड चिकटवलं, वरून चकचकीत लेप दिला, आणि वर-खाली दोन लाकडी दांड्या ठोकल्या. तेव्हा मी ऐन उमेदीत होतो. समुद्र निळाशार, वाळवंट पिवळं, प्रत्येक राज्याचा रंग निराळा. आपल्याला पाहून शेकडो मुलं शहाणी होणार, अशी स्वप्नं बघत मी गुंडाळला गेलो.

ज्या शाळेत आलो ती विट्याहून आटपाडीकडे जाताना आत एका वाडीत आहे. वाडीचं नाव सांगत नाही, लोक रागावतील. तिथे दोन खोल्यांची प्राथमिक शाळा होती. त्या वेळच्या गुरुजींनी माझी साठा-वहीत नोंद केली, मला कपाटावर ठेवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मी फाटलो असतो तर जबाब त्यांना द्यावा लागला असता! त्यामुळे मी फाटलो नाही, मळलो नाही, आणि कुणाच्या कामीही आलो नाही. तपासणीला साहेब आले की माझ्यावरची धूळ झटकायची, साहेब गेले की मी पुन्हा कपाटावर. माझ्या गुंडाळीत पालीनं संसार थाटला होता. मी कपाटावर असतानाच खाली देशात तेलंगण नावाचं नवं राज्य झालं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. देशाच्या नकाशाला देशाची खबर नसावी, यापरतं हसं कोणतं?

मग संयोगिताबाई बदलून आल्या. बाई मूळच्या साताऱ्याच्या, घरची माणसं आणि लहान मुलगा शिवतेज तिकडेच. विट्यात खोली घेऊन राहायच्या आणि स्कूटीवरून वाडीत यायच्या. तिसरी आणि चौथी असे दोन्ही वर्ग एकाच खोलीत त्यांच्याकडे होते. आल्या आल्या त्यांनी खुर्चीवर चढून मला खाली ओढलं, पालीला बाहेरचा रस्ता दाखवला, ओल्या फडक्यानं मला पुसलं आणि खिळ्याला अडकवलं. स्केचपेन घेऊन तेलंगणची रेघ माझ्या अंगावर ओढली. खरं सांगतो, त्या पेनाच्या टोकानं मला गुदगुल्या झाल्या. पहिल्यांदाच कुणीतरी मला वापरायला काढलं होतं.

पहिल्याच दिवशी बाईंनी मुलांना विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकुणाचे वडील बाहेरगावी असतात?"

जवळजवळ सगळ्यांचे हात वर झाले. मित्रांनो, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. त्या भागात पाऊस कमी, शेती बेभरवशाची. म्हणून तिथली माणसं गलाईच्या धंद्यात गेली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करणं. सराफांच्या पेठा जिथे जिथे आहेत तिथे तिथे या माणसांची छोटी छोटी दुकानं. पार मद्रासपासून आसामपर्यंत. वाडीत उरतात ती म्हातारी माणसं, काही बायका आणि शाळेतली पोरं.

"दाखवा बरं या नकाशावर, कुठे असतात ते," बाई म्हणाल्या.

शंभूराज नावाचा एक गोल चेहऱ्याचा मुलगा पुढे आला. "माजं पप्पा मद्रासला असत्यात."

"आता चेन्नई म्हणतात रे."

"न्हाई बाई, आमच्यात मद्रासच म्हणत्यात."

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, मद्रास तर मद्रास. शोध." त्याला ते सापडेना. तो राजस्थानात शोधत होता. मग सृष्टी आली, तिचे वडील विजयवाड्याला. मग आणखी पोरं आली. सगळ्यांची बोटं माझ्या अंगावरून फिरत होती, काही शेंबडी, काही चिंचेनं चिकट झालेली. मी धन्य झालो.

शेवटी उठली प्रांजल. तिसरीतली, सडपातळ, दोन वेण्यांची, बोलायला लागली की न थांबणारी. तिचे वडील धनाजी आसामात तिनसुकियाला असत. तिची आई आणि धाकटा भाऊही तिकडेच. प्रांजल तेवढी आज्जाजवळ वाडीत राहायची, कारण आज्जी गेल्यावर म्हातारा एकटा पडला होता. अर्जुना त्याचं नाव. पूर्वी त्यांचा मेंढरांचा कळप होता, आता चार शेरडं उरली होती. तिनसुकिया शोधायला प्रांजलला टाचा उंचवाव्या लागल्या. ते माझ्या अगदी उजव्या कोपऱ्यात, वरती आहे.

खूण कशानं करायची, हा प्रश्न आला. टाचण्या मारल्या तर मला भोकं पडतील. तेव्हा प्रांजलनंच युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी ती एक लाल टिकली घेऊन आली. आईनं परत जाताना आरशावर चिकटवून ठेवलेली. बायका तशा ठेवतात, तुम्ही आपल्या घरच्या आरशावर पाहिल्या असतील. तिचा डिंक सुकला होता, म्हणून बाईंनी मागे थोडा गोंद लावला आणि ती टिकली तिनसुकियावर बसली. मग काय, वर्गातली सगळी पोरं आपापल्या घरचे आरसे खरवडायला लागली. चार दिवसांत माझ्या अंगावर लाल, मरून, हिरव्या, खड्यांच्या टिकल्याच टिकल्या झाल्या. नव्या नवरीला लाजवेल असा माझा थाट होता.

आणि मग त्या वर्षी त्या वर्गानं माझ्यावर काय काय शिकलं म्हणून सांगू!

गणिताच्या तासाला बाईंनी दोऱ्याचं रीळ आणलं. वाडीपासून वडिलांच्या गावापर्यंत दोरा लावायचा, मग माझ्या खालच्या कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीवर तो मोजायचा आणि गुणाकार करायचा. ज्या पोरांना गुणाकार म्हटलं की पोटात दुखायचं, ती पोरं मधल्या सुट्टीतही गुणाकार करायला लागली. प्रांजलचा दोरा सगळ्यात मोठा निघाला. "माजा सगळ्यात लांब! माजा सगळ्यात लांब!" म्हणत ती वर्गभर नाचली.

सृष्टी म्हणाली, "म्हंजी तुजं पप्पा सगळ्यात उशिरा घरी येनार."

सृष्टीच्या मनात काही वाईट नव्हतं. लहान मुलं खरं बोलतात, एवढंच. पण प्रांजल नाचायची थांबली. तो दोरा तिनं बोटाला गुंडाळला आणि दिवसभर सोडला नाही.

भाषेच्या तासाला प्रत्येकानं वडिलांना फोन करून तिकडे पाण्याला काय म्हणतात ते विचारून आणायचं होतं. तण्णी आलं, नीळ्ळु आलं, वेळ्ळम् आलं, जोल आलं. शब्दांच्या चिठ्ठ्या माझ्यावर चिकटल्या. प्रांजल मात्र हिरमुसून आली. "बाई, आमच्या पप्पांकडंबी पानीच म्हनत्यात." पाण्याला इतकी नावं, आणि वाडीत मात्र टँकर आला तरच पाणी! ही गंमत मुलांना नाही कळली, बाईंना कळली. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

परिसर अभ्यासात त्यांनी मेणबत्ती वितळवून मातीच्या साच्यात ओतून दाखवली. सोनं मुशीत, म्हणजे छोट्याशा मातीच्या भांड्यात, असंच वितळतं. मग शंभूराजनं विचारलं, "बाई, पप्पा फोनवर सारकं खोकत्यात. कशानं?" बाईंनी सांगितलं की सोनं साफ करायला तेजाब म्हणजे ॲसिड वापरतात, त्याचा धूर छातीत जातो, तोंडाला नीट मास्क हवा आणि खोलीला खिडकी हवी. त्या संध्याकाळी देशभरातल्या गलाईच्या दुकानांत फोन वाजले. "पप्पा, तोंडाला बांदत जावा." कुणी हसलं, कुणी "गप, अब्यास कर" म्हणून दटावलं. शंभूराजच्या वडिलांनी मात्र दुसऱ्या दिवशी भिंतीत खिडकी पाडून घेतली, असं तो छाती फुगवून सांगत होता.

आणि एकदा प्रांजलनं स्वतःच कोडं आणलं. शाळा सुटून ती घरी जायची आणि वडिलांना फोन लावायची. इथे चांगलं ऊन असायचं, आणि फोनमध्ये मात्र वडिलांच्या मागे काळोख, दिवे लागलेले. "बाई, पप्पांकडं रात आदी कशी हुती?" बाईंनी दारं-खिडक्या लावल्या, चेंडू आणि बॅटरी घेतली, चेंडूवर खडूनं दोन गावं काढली आणि चेंडू फिरवला. प्रांजल डोळे मोठे करून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी पप्पांना सकाळबी आदी दिसती. मी उटायच्या आदी पप्पा उटल्यालं असत्यात." आणि तिला त्यात फार बरं वाटलं. आपला बाप आपल्या आधी जागा होतो, एवढ्यातच पोरीला आधार वाटला. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

एवढं चांगलं चाललेलं कुठे टिकतं? शाळेचा पट दरवर्षी घसरत होता. फाट्यावर इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या यायला लागल्या होत्या. त्या वर्षी आणखी मुलं गेली तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेला जोडणार, अशी कुजबुज होती. प्रांजलला तर आणखी एक भीती होती. धनाजीनं फोनवर सांगितलं होतं, यंदा तुला साताऱ्याजवळच्या निवासी इंग्रजी शाळेत घालायचं. म्हणजे आज्जा एका टोकाला आणि ती दुसऱ्या.

तिनं बाईंना विचारलं, "बाई, मी गेले तर शाळा बंद हुनार?"

"तू एकटी गेल्यानं नाही गं. पण तुझ्यामागे बाकीचे जातील," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगायला हवं होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही.

चैत्रात वाडीची जत्रा असते. तेव्हा गलाईवाले झाडून सगळे घरी येतात. मोठमोठ्या गाड्यांनी वाडी भरून जाते, बारा महिने कुलूप असलेल्या बंगल्यांत दिवे लागतात. बाईंनी बेत केला की जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या वडिलांना शाळेत बोलवायचं. मुलं काय शिकली ते त्यांनी डोळ्यांनी बघू दे. मग ते पोरांना शाळेतून काढणार नाहीत. मलाही ते पटलं. प्रांजलला तर इतकं पटलं की ती शेरडांना पाणी पाजतानाही भाषण घोकत होती. अर्जुना म्हणायचा, "आगं शेरडांला पाट झालं तुजं भाशान, आता मानसांला सांग."

तो दिवस आला. वर्ग अत्तराच्या वासानं भरला. बाकांवर पांढऱ्या कपड्यांतले बाप अवघडून बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. दाराशी अर्जुना घोंगडी टाकून बसला. पोरांनी एकेक करून सांगितलं, आणि शेवटी प्रांजल उठली. हातात छडी, मागे मी. "आदरणीय व्यासपीठ" एवढं म्हणाली आणि पुढचं घोकलेलं विसरली. मग ती आपल्या बोलीत बोलायला लागली, आणि तेच फार चांगलं झालं.

"ही माज्या मम्मीची टिकली. हितं तिनसुकिया हाय. हितं माजं पप्पा असत्यात. आमच्यापास्नं लय लांब हाय, सगळ्या वर्गात लांब. मी दोऱ्यानं मोजलंय. पप्पांकडं दिवस आदी उगवतो, कारन पृथ्वी अशी फिरती." तिनं चेंडू फिरवला, बॅटरी लावली, गुणाकार फळ्यावर करून दाखवला. मग ती थेट धनाजीकडे बघून म्हणाली, "पप्पा, हे समदं मी ह्या शाळंत शिकले. शाळा लय चांगली हाय. मला हितंच ठिवा."

काही बाप रुमाल काढून डोळे पुसत होते. खोटे नव्हते ते अश्रू. आपली सगळी वाडी अशी देशभर टिकली-टिकलीनं विखुरलेली त्यांनी कधी एका जागी पाहिली नव्हती. कितीतरी वेळ टाळ्या वाजल्या.

मग धनाजी उठला. रुंद खांद्यांचा, हाताची बोटं तेजाबानं पिवळी झालेली. घसा खाकरून म्हणाला, "बाई, तुमचं उपकार कसं फेडू? पोर लय हुशार केली तुमी. मीबी ह्याच वर्गात शिकलो. लहान वयात तिकडं गेलो, तवा सायब इंग्रजीत बोलायचा आन मी नुसती मान हलवायचो. माज्या पोरीनं कुनाफुडं मान हलवायची न्हाई. आज बगितल्यावर माजं ठरलंच. एवडी हुशार पोर हितं ठिवून वाया कशाला घालवायची?"

मित्रांनो, ऐकलंत ना? पोर जितकी चांगली बोलली तितका बापाचा निश्चय पक्का झाला. मला वाटलं, खिळ्यावरून निसटून त्याच्या डोक्यात पडावं.

बाई म्हणाल्या, "पण धनाजीराव, ती इथे शिकूनच हुशार झाली ना?"

"व्हय की. म्हनून तर म्हनतोय."

इतर बाप माना डोलवायला लागले. प्रत्येक जण आपल्या पोराकडे नव्यानं बघत होता, आणि प्रत्येकाच्या डोक्यात तोच हिशेब चालला होता. बाईंनी हात जोडले. एक वर्ष द्या, म्हणाल्या. पोरं आज्जा-आज्जीजवळ राहतील, आपल्या भाषेत शिकतील, पाया पक्का होईल. खूप काही म्हणाल्या. तेव्हा विजयवाड्याहून आलेला नाथाजी, सृष्टीचा बाप, मागून हळूच म्हणाला, "बाई, रागावू नगासा, पर एक इचारतो. तुमचा शिवतेज कंच्या शाळंत जातूय?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या, जणू उत्तर माझ्यावर कुठेतरी छापलेलं असावं. त्या खोटं बोलू शकल्या असत्या. पण त्या म्हणाल्या, "साताऱ्यात. इंग्रजी शाळेत." आणि मग खालच्या आवाजात, "घरच्यांनी घातला."

"आमीबी घरचंच हाय की वो बाई," नाथाजी म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मला बाईंचा राग आला. त्यांच्याइतकं मला कुणीच वापरलं नव्हतं, त्यांच्याइतका त्या मुलांना कुणी जीव लावला नव्हता, आणि तरी मला त्यांचा राग आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं लोक म्हणतात ते उगाच नाही.

ही कोंडी नानासोंनी फोडली. नानासो म्हणजे कोईमतूरचे मोठे गलाईवाले, वाडी त्यांच्या शब्दापलीकडे जात नाही. ते उठून म्हणाले, "आसं त्वांड पाडून बसू नगासा. शाळंचं रीन हाय आपल्यावर. ते फेडाया पायजे. आपन समदी मिळून शाळंला कमान बांदू! आरसीसी. वर ग्रॅनाइट, त्यावर समद्यांची नावं."

यावर ज्या टाळ्या पडल्या त्यापुढे प्रांजलच्या टाळ्या काहीच नव्हत्या. जो तो आपलं नाव सांगायला पुढे सरसावला. मग नानासोंची नजर माझ्याकडे गेली. "आन ह्यो नकाशा असा उगडा ठिवायचा? धूळ खाऊन मरंल. ह्याला फ्रेम करू या, काच लावू."

माणसं पांगल्यावर बाई फळा पुसत होत्या. प्रांजल तिथेच उभी होती. तिनं विचारलं, "बाई, मी भाशान चुकले असते तर पप्पांनी मला हितं ठिवलं असतं का वो?"

बाईंनी तिला जवळ घेतलं. फळा आधीच पुसून झाला होता, तरी त्या पुन्हा पुसायला लागल्या.

मला विट्याला नेऊन फ्रेम केलं. पोरांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या कारागिरानं खरवडून काढल्या, "कचरा" म्हणून. टिकल्या तेवढ्या राहिल्या, कारण नानासोंना त्या शोभेच्या वाटल्या. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी चकाचक भिंतीवर होतो आणि समोर पोरं उरली होती मोजकीच, ज्यांच्या घरून पिवळ्या गाडीचं भाडं परवडत नव्हतं ती. बोट लावलं की काचेवर डाग पडायचा, म्हणून कुणी बोट लावत नव्हतं. शंभूराज विट्याला गेला, सृष्टी गेली, प्रांजल साताऱ्याजवळ गेली. पावसाळा सरायच्या आत शाळा शेजारच्या गावाला जोडली गेली. राहिलेली पोरं आता माळावरून पायी तिकडे जातात. बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या काचेवर हात ठेवला आणि लगेच पदरानं तिथला डाग पुसला.

कमानीचं काम मात्र वेळेत पूर्ण झालं. उद्घाटनाला मांडव होता, बँड होता, जेवणावळ होती. कमानीच्या आत कुलूप लावलेली शाळा. कमानीच्या सावलीत आता दुपारी अर्जुनाची शेरडं बसतात, म्हणजे कमान अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही. बंद शाळेत मी खराब होईन म्हणून नानासो मला आपल्या बंगल्यावर घेऊन आले. नेणारे दोघे फार सांभाळून नेत होते. इतक्या काळजीनं मला कुणी कधीच उचललं नव्हतं.

गेल्या दिवाळीत धनाजी सहकुटुंब नानासोंच्या भेटीला आला. बरोबर अर्जुनाही होता, सोफ्यावर न बसता खाली बसला. प्रांजल किती उंच झाली होती! केस कापलेले, पायात बूट. तिनं सगळ्यांना नमस्कार केला. मी श्वास रोखून वाट बघत होतो की ती आता माझ्याजवळ येईल, टाचा उंचावेल. टाचा उंचवायची तिला आता गरजच नव्हती म्हणा.

धनाजी हौसेनं म्हणाला, "नानासोंना म्हनून दाव बगू आसामचं."

प्रांजल ताठ उभी राहिली, हात मागे घेतले आणि समोरच्या पडद्याकडे बघत एका दमात म्हणाली, "कॅपिटल ऑफ आसाम इज दिसपूर. कॅपिटल ऑफ बिहार इज पटना. कॅपिटल ऑफ..." ती म्हणत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानासोंनी तिच्या हातावर पेढा ठेवला. धनाजीच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच सांगतो, त्या माणसाला मी वाईट म्हणू शकत नाही, आणि तेच मला जास्त जाचतं.

अर्जुनानं खालूनच माझ्याकडे काठी केली. "ते व्हय बाय. पर तुजा बा कुटं असतो ते दाव की. मागं दावलं हुतंस तसं."

प्रांजलनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि पेढ्याचा कागद नीट घडी घालत म्हणाली, "आज्जा, ते आमच्या सिलॅबसमध्ये नाहीये."

सगळे हसले. अर्जुनाही हसला, कारण त्याला कळलं नव्हतं. मी मात्र त्या दिवसापासून भिंतीवर टांगलेला असून नसल्यासारखा आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात की आम्हाला जपा, पुसा, फाडू नका. मी तसं काही मागत नाही. मला भरपूर जपलं गेलं आहे. मला फाडलं असतंत तरी चाललं असतं, पण ते वर्गात, तुमच्या हातांनी फाडायला हवं होतं. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कमवायला लागाल, आणि तुम्हालाही गावच्या शाळेची आठवण येईल. तेव्हा कमान देऊ नका, ग्रॅनाइट देऊ नका, फ्रेम तर मुळीच देऊ नका. शाळेला काही द्यावंसं वाटलंच, तर तुमचं पोर द्या.

ते जमणार नसेल, तर निदान टाळ्या तरी वाजवू नका.